शंभर मिलिसेकंदांचा प्रवाह: लॅचिंग रिलेचे ड्रायव्हर सर्किट

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील या टेबलावर दिसतो आहे तो लॅचिंग रिले, म्हणजे एकदा बदललेली स्थिती स्वतःच धरून ठेवणारा, विजेवर चालणारा स्विच. पंचगंगेकाठच्या कृषिपंपांच्या स्टार्टरसाठी बॅटरीवर चालणारा नियंत्रक येथे घडतो आहे, आणि त्यातील सर्वांत जोखमीचे काम या रिलेला चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटचे आहे.

साधा रिले चालू स्थितीत ठेवायचा तर त्याच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, प्रवाह अखंड वाहावा लागतो. १२ व्होल्टची, ४०० ओहमची कॉइल ३० मिलिअँपिअर घेते. म्हणजे चार्जिंग मिळाले नाही, तर ७ अँपिअर-तासांची बॅटरी केवळ या एका कॉइलपायी दहा दिवसांच्या आत रिकामी होते. लॅचिंग रिलेत आर्मेचर, म्हणजे संपर्क हलवणारा लोखंडी तुकडा, धरून ठेवतो तो कायमचुंबक, त्यामुळे प्रवाह लागतो तो फक्त स्थिती बदलण्यापुरता. येथील रिलेला ९६ ओहमच्या दोन कॉइल आहेत, एक सेटसाठी (संपर्क जोडण्यासाठी) आणि एक रीसेटसाठी (तो तोडण्यासाठी). शंभर मिलिसेकंदांच्या एका पल्सला, म्हणजे प्रवाहाच्या छोट्या झटक्याला, सुमारे ०.१५ ज्यूल ऊर्जा लागते, आणि साधा रिले तेवढी ऊर्जा अर्ध्या सेकंदाच्या आत खर्च करतो.

एकाच कॉइलचा लॅचिंग रिलेही मिळतो, पण त्यात प्रवाहाची दिशा उलटवावी लागते आणि त्यासाठी चार स्विचांचा एच-ब्रिज लागतो. दोन कॉइलच्या रिलेला दोन मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) पुरतात आणि प्रत्येक कॉइलवर, ती बंद होतानाचा दाबाचा उसळा शोषायला, एक उलटा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) सरळ बसवता येतो. दुरुस्ती करणाऱ्याला डोळ्यांनी वाचता येईल असे हे सर्किट आहे. येथे दोन कॉइलची निवड झाली ती याच कारणाने, आणि ती योग्यच आहे.

आता ऑसिलोस्कोपचा, म्हणजे विजेच्या चढउतारांचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राचा, पडदा पाहा. पल्स सुरू होताच कॉइलमधील प्रवाह वक्राकार चढत जातो, मध्येच किंचित खाली वाकतो आणि पुन्हा चढतो. हा खळगा म्हणजे आर्मेचर प्रत्यक्ष हलल्याची खूण, कारण त्याच्या हालचालीने कॉइलमध्ये विरोधी विद्युतदाब निर्माण होतो. खळगा येण्याआधीच पल्स संपला, तर रिले बदलेलच अशी खात्री देता येत नाही. थंडीत, गरमीत आणि उतरलेल्या बॅटरीवरही खळगा पल्सच्या आतच यावा, म्हणून शंभर मिलिसेकंदांची ही सढळ मुदत ठेवलेली आहे.

दोन्ही मॉस्फेटच्या गेटपासून (नियंत्रण टोकापासून) सर्किटच्या ग्राउंडकडे (शून्य व्होल्टकडे) १० किलोओहमचे रोधक जोडलेले दिसतात. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे हे सर्व चालवणारी छोटी संगणक-चिप, जागा होत असताना त्याच्या पिना अधांतरी असतात. त्या क्षणी हे रोधक नसतील, तर कोणतीही कॉइल, किंबहुना दोन्ही कॉइल एकदम चालू होऊ शकतात. शिवाय वाहतुकीतील धक्क्याने आर्मेचर दुसऱ्या बाजूला जाऊन बसलेले असू शकते, म्हणून सुरू झाल्यावरचा पहिला पल्स नेहमी रीसेटचा असतो.

या रिलेचा गुण हाच त्याचा धोकाही आहे. पंप चालू असताना नियंत्रकाची बॅटरी निकामी झाली, तरी संपर्क जोडलेलाच राहतो. लाइट गेली आणि मध्यरात्री परत आली, तर पंप कोणी न सांगता सुरू होतो आणि त्या वेळी फूट व्हॉल्व्हपाशी (शोषनळीच्या तळाच्या झडपेपाशी) पाण्यात माणूस असू शकतो. त्यावरचा उपाय म्हणजे हा १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याच्यापुढे डायोड असल्याने तो बॅटरीकडे उलटा रिकामा होत नाही, आणि १२ व्होल्टपर्यंत भरलेला असला की ९६ ओहमच्या कॉइलला पूर्ण पल्स देऊनही त्यावर सुमारे १०.८ व्होल्ट उरतात. बॅटरीचा दाब ठरलेल्या पातळीखाली घसरताच मायक्रोकंट्रोलर याच साठ्यावर शेवटचा रीसेट देतो. येथे बॅटरीची तार काढली जाते आहे, आणि रिलेचा आवाज ऐकू येतो.

असा नियंत्रक बंद डब्यात तयार मिळतो, पण तो बिघडला की अख्खा बदलावा लागतो. या बोर्डावर मात्र प्रत्येक भागाशेजारी त्याचे मूल्य छापलेले आहे, आणि मॉस्फेट, डायोड व कपॅसिटर हे तिन्ही कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सुटे मिळणारेच निवडलेले आहेत.