नात्याचा रकाना
(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

तुमच्यापैकी बरेचजण आज वर्धा रोडने आले असाल, म्हणजे मध्यवर्ती कारागृहाच्या जवळूनच. त्या भिंतीकडे आपण सवयीने बघत नाही. माझी मात्र मान आपोआप तिकडे वळते. मी चित्रं काढते, तृतीयपंथी आहे, आणि आत असलेल्या माझ्या माणसांना भेटायला जाते. जेलच्या भाषेत या भेटीला मुलाखत म्हणतात.

विदर्भातल्याच एका कारागृहात माझी एक चेली कच्ची कैदी होती. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळेना. किन्नराला जामीन राहायला कोण पुढे येणार? मी सकाळी सातपासून खिडकीसमोर उभी होते. नंबर आला. आतून प्रश्न आला, ‘नातं?’ मी म्हटलं, ‘गुरू.’ ‘तसं नाही. आई, बहीण, मावशी, काय ते सांगा.’ तिच्या सख्ख्या आईने तिला चौदाव्या वर्षी घराबाहेर काढलं होतं. तिला पहिलं लुगडं मी नेसवलं, टायफॉइडमध्ये तिच्या उशाशी मी बसले. या सगळ्याला त्या फॉर्मवर रकाना नव्हता. तिच्यासाठी घेतलेले दोन साबण आणि टॉवेल पिशवीत तसेच ठेवून मी एसटी पकडली.

पंधरा दिवसांनी तिचं आंतर्देशीय पत्र आलं, तपासल्याचा शिक्का असलेलं. ‘माय, तू आली होती म्हणते. मले कोनं सांगतलं नाई. केस कापले माहे. बाकी बरं हाये.’ खाली बॉलपेनने आमच्या डेऱ्यातली, म्हणजे घरातली, तुळस काढली होती आणि कुंडी पिवळी रंगवली होती. आत रंग कुठला? मी कागद नाकाशी नेला. हळद होती, वरणातली.

नियम आपल्या विरोधात आहेत असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच आपली ओळख मान्य केली. 2019 चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा आहे. जानेवारी 2022 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना तृतीयपंथी कैद्यांची राहण्याची सोय, झडती, खासगीपणा याबद्दल लेखी सूचना दिल्या. जुलै 2024 मध्ये पुन्हा पत्र काढलं, खास मुलाखतींबद्दल: समलिंगी, तृतीयपंथी कैद्यांना भेटीगाठीत भेदभाव नको. 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत तर नातेवाइकांबरोबर ‘मित्र’ही आहेत. पण हा कागद खिडकीमागच्या माणसापर्यंत पोचलेला नसतो. म्हणून मी आता प्रत घेऊन जाते, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. दरवेळी चालतेच असं नाही.

आणि कलेचं म्हणाल, तर आमच्या कलेला तुरुंग नवा नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग आमच्यावरच होता. नोंदवहीत नाव चढलेल्या हिजड्याने बाईच्या वेषात रस्त्यावर दिसणं, नाचणं, वाजवणं यासाठी वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. नाचणं हाच गुन्हा! नोंदवह्यांत आम्हाला असं मोजलं गेलं. स्वतंत्र भारताच्या कारागृहांच्या वार्षिक आकडेवारीत मात्र तृतीयपंथी कैद्यांचा वेगळा रकाना आला 2020 च्या अहवालात, तोही दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेल्यावर.

अमेरिकेत टूरमालिन नावाची एक कृष्णवर्णीय ट्रान्स कलावंत आहे. तिने जुन्या संग्रहांत वर्षानुवर्षं शोधाशोध केली आणि ट्रान्स कार्यकर्ती सिल्व्हिया रिव्हेराचं 1973 चं न्यूयॉर्कमधलं भाषण लोकांसमोर आणलं. रिव्हेरा मंचावर चढते तेव्हा आपलेच लोक तिची हुर्यो उडवतात. ती ओरडून सांगते, तुरुंगातली आपली भावंडं मला दर आठवड्याला पत्रं लिहून मदत मागतात, आणि तुम्ही त्यांच्यासाठी काही करत नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुळशीचं ते पत्र माझ्या मांडीवर होतं.

टेक्सासच्या तुरुंगात जेमी डियाझ ही ट्रान्स चित्रकार अनेक वर्षं होती. बाहेरच्या एका पत्रमित्राशी तिची मैत्री जुळली आणि 2022 मध्ये तिची चित्रं न्यूयॉर्कच्या गॅलरीत लागली. सुरुवात एका पत्राने झाली होती.

माझी चेली सुटली. आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिला चालेल म्हणाली म्हणून सांगते. पण तिच्या बॅरकमधल्या आणखी दोघी अजून आत आहेत आणि त्यांना कुणाचंच पत्र येत नाही. बाहेर टेबलावर पोस्टकार्डं ठेवली आहेत. पत्ता आम्ही घालू. मजकूर तुम्ही लिहा: आज पाऊस आला का, घरी काय शिजलं, काहीही. आणि जमलं तर खाली एखादं चित्र काढा.