पाण्याची जागा आणि घराचा गुंठा

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसे भेटली की आधी पंचगंगेची विचारपूस होते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे? 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. 2019 च्या ऑगस्टमध्ये हेच पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा तिथवर पोहोचले. हे पाणी ज्या जमिनीवर पसरते त्या जमिनीविषयी, आणि तिथेच घर बांधू पाहणाऱ्या माणसाविषयी मला आज बोलायचे आहे.

पाण्याची जागा बुजवण्याची सवय आपल्याला आज लागलेली नाही. वरुणतीर्थाचे तळे बुजले आणि गांधी मैदान झाले. कपिलतीर्थाच्या जागी मंडई बसली. मोठा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही पाणी साचते आणि आपण गटारांना दोष देतो. खरे तर पाणी आपल्या जुन्या पत्त्यावर आलेले असते.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचे पाणी घेऊन पंचगंगा शहराशी येते, तेव्हा काठची मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची राने, ओढ्याकडेची दलदल आणि जुन्या खणी हे पाणी काही दिवस अंगावर घेतात आणि सावकाश परत सोडतात. नदी चढलेली असताना जयंती नाल्याचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही. ते उलट शहराकडे फुगते आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जाते. अशा वेळी नाल्याकाठची मोकळी जागा जितकी कमी, तितके पाणी लोकांच्या उंबऱ्याच्या आत.

आता दुसरी बाजू. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात मशीनवर उभा राहणारा कामगार एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट जागा शोधत असतो. उंचावरच्या जागेचा भाव त्याच्या आवाक्याबाहेर असतो. सखल जागा स्वस्त असते, आणि ती स्वस्त का, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. उन्हाळ्यात दोन-चार डंपर मुरूम पडला की तिथे पाणथळ होती हे दिसतही नाही. सामाईक सातबाऱ्यावर नाव लागते, भिंती उभ्या राहतात आणि पुढे ते घर नियमित करून घेण्याची धडपड सुरू होते. गुंठेवारी, म्हणजे विनापरवाना गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट, नियमित करण्याचा कायदा 2001 चा, त्याची मुदत पुढे 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. या कायद्याने अनेक गरीब घरांना आधार दिला हे मान्य करूनही, पुन्हा मुदत वाढेल अशी आशा त्याने भराव टाकणाऱ्याच्या मनात पेरली, असे माझे मत आहे.

कायदा पाणथळ जागांना वाचवेल, असे म्हणावे तर तोही तोकडा पडतो. 2017 च्या केंद्रीय पाणथळ नियमांतून नदीचे पात्र, भातशेती आणि पिण्याच्या किंवा सिंचनाच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. आपल्या भागातले बरेचसे पाणी नेमके याच वर्गांत मोडते. उरते ती पूररेषा. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात जोते पुरेसे उंच घेऊन बांधकाम करता येते. उंच जोत्याने ते एक घर कोरडे राहते. त्याच्या भरावाने हटवलेले पाणी शेजारच्या जुन्या घरात शिरते, याचा हिशेब परवानगीच्या कागदावर कुठेच नसतो.

परवडणाऱ्या घरांच्या बाबतीतही कोल्हापूर असेच फटीत सापडले आहे. मोठ्या गृहप्रकल्पांत 20 टक्के जागा लहान घरांसाठी ठेवण्याची राज्याच्या नियमावलीतली अट 10 लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांसाठी आहे. 2011 च्या जनगणनेत आपले शहर 5,49,236 चे होते. महापालिका 1972 ची, हद्द तेव्हाचीच. भोवतालच्या 42 गावांच्या विकासासाठी 2017 मध्ये वेगळे प्राधिकरण स्थापन झाले. तेव्हा माळावरच्या, मुरमाड, उंच जमिनी आधी हेरून तिथे रस्ता, पाणी आणि लहान प्लॉट देणे हे काम त्या गावांतच करावे लागेल. निळी रेषा नकाशावर कितीही ठळक काढली तरी, वर माळावर परवडणारा गुंठा मिळाल्याखेरीज ती टिकणार नाही. मळीचा मालकही बहुधा लहान शेतकरीच असतो. त्याने जमीन मोकळी ठेवावी असे वाटत असेल तर त्याचा मोबदला सर्वांनी मिळून उचलला पाहिजे.

नुसता प्लॉट दाखवूनही भागत नाही. 1989 च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतल्या लोकांना वर सोनतळीवर जागा देण्यात आली. तरीही 2019 मध्ये या दोन्ही गावांतून माणसे बोटींनी बाहेर काढावी लागली. ज्याची शेती, गोठा आणि दुधाचा रतीब खाली नदीकाठी आहे, तो रोज वरून खाली कसा येणार, जनावरे कुठे बांधणार आणि प्लॉटचा कागद कुणाच्या नावावर असेल, या प्रश्नांना उत्तर मिळाल्याशिवाय तो वर राहायला जात नाही.

आणि तुमच्यापैकी कुणी यंदा गुंठा घेणार असाल, तर इसाऱ्याचे पैसे देण्यापूर्वी गट नंबर घेऊन पूररेषेचा नकाशा पाहा, आणि जागा पाहायला एप्रिलमध्ये जाऊ नका, जुलैच्या अखेरीस जा.

नमस्कार.