रात्री उपाशी झोपलो, तरी सकाळी साखर वाढली कशी?

मागे आवाज येतोय ना? बरं. तर विषय डायबेटिस म्हटल्यावर अर्धी मंडळी मनात म्हणत असतील की आता हा डॉक्टर मोदक बंद, आंबा बंद, चहातली साखर बंद एवढं सांगून घरी जाणार. ते थोडंफार येईलच बोलण्यात, पण आधी मला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय जो आपल्या मालवण-कुडाळकडे ओपीडीत रोज ऐकायला येतो. "डॉक्टरांनू, राती पेजेचो घोट घेवक नाय, मगे सकाळी साकर इली खयसून?" माणूस खोटं बोलत नसतो हां, खरंच काही खाल्लेलं नसतं आणि फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची साखर, 170 (100 मिलीलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम) आलेली असते, आणि घरातले मात्र लाडवाचा डबा उघडून लाडू मोजत बसलेले असतात.

ती साखर लिव्हरमधून येते. कशी ते सांगतो.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं आणि त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती, तर 5 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा. आता दुपारी तुम्ही बांगड्याच्या कढीबरोबर दोन वाट्या भात जेवलात, तर त्यात साठेक ग्रॅम पिष्ट असतं, आणि ते पचून शेवटी ग्लुकोजच, म्हणजे रक्तातली साखरच होतं, भात गोड लागत नाही म्हणून आतड्याला काही फरक पडत नाही. जिथे एक चमचा असतो तिथे दोन-तीन तासांत बारा चमचे येऊन पडणार, आणि तरी निरोगी माणसाची साखर सहसा 140 च्या वर जात नाही, दोनेक तासांत परत जागेवर येते. मला इतकी वर्षं या धंद्यात राहूनही याचं नवल वाटतं.

हे काम इन्सुलिनचं. जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, त्यातल्या बीटा पेशींना रक्तातली साखर वाढल्याचं कळतं आणि त्या इन्सुलिन सोडतात. इन्सुलिन स्नायूंना सांगतं की साखर आत घ्या, हे बहुतेकांना माहीत असतं. दुसरं काम कोणी सांगत नाही, ते लिव्हरला सांगतं की आता ताटातून येतंय, तू तुझं सोडणं बंद कर आणि साठवायला लाग. लिव्हर ही आपल्या घरातली भाताची कणगी समजा, पिकाच्या वेळी भरायची आणि पावसाळ्यात उघडायची. शंभरेक ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात तिथे राहते. स्नायूंकडे याच्या तीन-चारपट साठा असतो, पण ते आपलं आपल्यालाच वापरतात, रक्ताला परत एक कण देत नाहीत.

मग रात्री काय होतं? तुम्ही झोपलात तरी मेंदू झोपत नाही, त्याला दिवसाला 120 ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं. म्हणून स्वादुपिंडातूनच ग्लुकागॉन नावाचं दुसरं हार्मोन निघतं आणि लिव्हर साठा सोडायला लागतं, शिवाय प्रथिनांपासून, चरबीतल्या ग्लिसरॉलपासून नवीन ग्लुकोज तयारही करतं. पहाटे कोंबडा आरवायच्या सुमाराला कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात, ते लिव्हरला अजून ढोसतात. निरोगी माणसात इन्सुलिन लगेच आवर घालतं. टाइप 2 डायबेटिसमध्ये लिव्हर त्याचं ऐकतच नाही, पोट भरलेलं असो की रिकामं, ते सोडतच राहतं, आणि बीटा पेशी दमलेल्या असल्यामुळे इन्सुलिनही पुरेसं नसतं. म्हणजे तुम्ही जेवलात नाहीत तरी 170 येऊ शकते. तुम्हाला मेटफॉर्मिनची गोळी देतात ना, तिचं मुख्य काम लिव्हरचं हे सोडणं कमी करणं. म्हणून "मी आज गोड खाल्लं नाय, गोळी कित्याक घेव" हा हिशोबच चुकीचा आहे.

उलट जेवण टाळल्यावर भलतंच होऊ शकतं. काही गोळ्या, ग्लिमेपिराइडसारख्या, बीटा पेशींना पिळून इन्सुलिन काढतात, तुम्ही जेवा नाहीतर जेवू नका. ती गोळी घेऊन संकष्टी केली की अकरा वाजता घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी. साखर 70 च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, तेव्हा मात्र साखर हेच औषध. उपास करायचा तर आधी डॉक्टरांना विचारून गोळीचं बघून घ्या, देवाची काही हरकत नसते.

आता "मी तर काडी, मला कसा डायबेटिस" म्हणणारे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचा एकत्र फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच 22.3, पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. वजनकाटा सारखाच दाखवणार! आपली चरबी पोटात, लिव्हरभोवती बसते आणि स्नायू कमी. आणि हे लांबचं नाही हो, 2023 मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा देशभराचा अभ्यास आला त्यात डायबेटिसचा सगळ्यात वरचा आकडा गोव्याचा, 26.4 टक्के, म्हणजे बांद्याच्या पलीकडे दर चार मोठ्या माणसांत एक. जेवण तेच, भात-मासे, इथे काय वेगळं चाललंय?

स्नायूंचं एक बरं असतं, ते हलले की इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढतात. आमचे आजोबा-पणजोबा पेज पिऊनच जगले पण डोक्यावर भारा घेऊन घाटी चढायचे, आपण पेज तीच ठेवली आणि मासळीबाजारात जायला स्कूटर काढतो. जेवल्यावर लगेच आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं पाणंदीने चालून या, दोन तासांनंतरच्या रिपोर्टमध्ये फरक दिसतो. जांभळाच्या बियांची पावडर घ्यायची तर घ्या बाबा, फक्त तिच्या भरवशावर गोळी सोडू नका.

पायांचं राहिलं. एक काकी आल्या होत्या, ओहोटीला खाडीत कालवं काढायला जाणाऱ्या, टाचेला शिंपलीने चांगला बोटभर चिरलेलं, आत चिखल, आणि त्यांना पत्ताच नाही, सुनेने लादीवर रक्त बघितलं तेव्हा कळलं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा बधिर होतात, दुखतच नाही. खाडीत, मळ्यात उतरताना रबरी बूट घाला आणि रात्री तळवे आरशात बघा.

हं, विचारा काका. आंबा? अर्धा हापूस खा, पण भातावर आमरस नको, आंबा खाल्लात तर भात तेवढा कमी करा. आणि घरी मशीनवर तपासणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, आंबा कापून झाल्यावर हात नीट धुऊन, पुसून मगच बोट टोचा. गेल्या मे महिन्यात एकजण 300 च्या वरचा आकडा बघून घाबरून धावत आले, साबणाने हात धुवायला लावले आणि परत बघितलं तर 148.