आधी पाना, मग गेज

आजच्या भाषणाचा विषय कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजण्याच्या हत्यारांचा आहे, ते माझ्या लक्षात आहे. पण स्पार्क प्लग निघाल्याशिवाय गेज, म्हणजे दाब मोजायचं घड्याळ, लागत नाही आणि निम्मी नासधूस प्लग काढतानाच होऊन बसते. त्यामुळे आधी पाना.

जुन्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी १४ मिमी आट्यांचा प्लग भेटतो. त्याचा षटकोन १३/१६ इंची, म्हणजे जवळपास २१चा. त्याहून जुन्या काही इंजिनांत १८ मिमीचे आटे असतात, तिथे षटकोन मोजूनच पाना घ्या. घ्यायचा तो सहा कोनांचाच. बारा कोनांचा पाना गंजलेल्या षटकोनावर सटकतो.

आता माझं जुनं दुखणं: प्लग सॉकेटमधलं रबर. इवलीशी चकती, पण ती प्लगला सरळ धरते. तेल पिऊन ती फुगते, सैल होते आणि एक दिवस सॉकेटमधून सुटून प्लगवरच बसून राहते. मग बिनरबराचं सॉकेट तिरकं होतं आणि त्याची कड प्लगच्या चिनीमातीवर टेकते. आवाजही होत नाही. केसाएवढी चीर जाते. गाडी आयडलला छान चालते, चढावर मात्र मिस मारते. कारण थ्रॉटल उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, गॅपमधून (प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून) उडी मारणं ठिणगीला जड जातं आणि ती चिरेतून सोपी वाट काढते. मग काय, कार्बोरेटर उघडून होतो, इग्निशनचे पॉइंट बदलून होतात, बिचाऱ्या कंडेन्सरवर आळ येतो. प्लगकडे कोणी बघत नाही, कारण तो ‘आत्ताच तर नवीन टाकलाय’! (हसू नका, पुढच्या रांगेतले दोन चेहरे पडलेत.) रबर सैल झालं की लगेच बदला, किंवा चुंबकाचं सॉकेट घ्या. एक्स्टेंशनला युनिव्हर्सल जॉइंट लावत असाल तर दुसरा हात सॉकेटवर हवाच.

ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात प्लग बसतो) असेल तर इंजिन गार झाल्यावरच हात घाला. प्लग अर्धा फेरा सैल करा, खड्ड्यातली माती हवेने उडवा आणि मगच पूर्ण काढा. मध्येच जड झाला तर जोर नको. तेल सोडा, थोडा आत, थोडा बाहेर, असं खेळवत आणा.

बसवायला सगळ्यात चांगलं हत्यार म्हणजे वीतभर रबरी नळी. प्लगच्या डोक्यावर घट्ट बसवून बोटांनी फिरवायची. आटे तिरके चढू लागले तर नळी घसरते, हेडचे आटे वाचतात. रॅचेट इतक्या सभ्यपणे माघार घेत नाही. हाताने टेकल्यावर नव्या वॉशरला अर्धा फेरा पुरतो. टेपर (निमुळत्या, बिनवॉशरच्या) बैठकीला मात्र १/१६ फेराच. गॅप तारेच्या गेजने मोजा. झिजलेल्या टोकाच्या खळग्यात सपाट पट्टी उतरत नाही, त्यामुळे खरी गॅप तिला कळतच नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर कॉम्प्रेशन, पटापट.

गेज आट्यांचं घ्या. रबरी शंकूचं हाताने दाबून धरावं लागतं आणि हात दमला की आकडा पडतो. अडॅप्टरची लांबी प्लगच्या रीचइतकीच (आट्यांच्या भागाच्या लांबीइतकीच) हवी. अर्ध्या इंची रीचच्या भोकात पाऊण इंची गेला तर व्हॉल्व्ह किंवा पिस्टनला भिडू शकतो. एकदिशा झडप नळीच्या इंजिनाकडच्या टोकाला हवी, नाहीतर नळीतली जागा ज्वलनकक्षात मिळते आणि आकडा कमी येतो. झडप खराब झाली तर तिथे टायरच्या व्हॉल्व्हची कोर बसवू नका. तिची स्प्रिंग कडक असते, आकडा पुन्हा कमीच येतो.

इंजिन गरम (हेड ॲल्युमिनियमचं असलं तरी, म्हणून प्लग गार असतानाच अर्धा फेरा सैल करून पुन्हा अलगद बसवून ठेवा), सगळे प्लग बाहेर, कॉइलची जोडणी काढलेली, चोक आणि थ्रॉटल पूर्ण उघडे, बॅटरी भरलेली. स्टार्टरने इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाब (कॉम्प्रेशन स्ट्रोक). पहिल्या दाबाचा आकडाही लिहा: कमी सुरू होऊन चढत गेला तर बोट पिस्टनच्या रिंगांकडे, कमीच राहिला तर व्हॉल्व्हकडे. शेजारचे दोन पडले तर हेड गॅस्केट. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली नको. मग चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा. आडव्या सिलिंडरच्या इंजिनात यावर विसंबू नका, तेल एका बाजूलाच साचतं.

राहिला लीकडाउन टेस्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून गळती शोधणारा. हवा कार्बोरेटरात फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये तर एक्झॉस्ट, तेलाच्या झाकणापाशी तर रिंगा. पण क्रँकच्या नटावर पाना ठेवून हवा सोडू नका. पिस्टन टीडीसीवरून (सगळ्यात वरच्या जागेवरून) जरासा जरी सरकलेला असेल तर क्रँक फिरतो, आणि पाना बोटांवर येतो.