दोन स्टारच्या मधे

(सुरुवात ट्रेडल मशीनवर. मशीनचा खडखडाट थोडा वेळ तसाच ऐकू द्यायचा, मग निवेदन.)

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यातलं हे मशीन. आता ते पावतीपुस्तकांवर नंबर टाकण्यापुरतंच चालतं. मागं भिंतीला लागून लाकडी केस आहेत, खणाखणांत शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे. त्यातला एक 'म' साध्या केसमधला आणि हा दुसरा, जाड अंगाचा, वेगळ्या केसमधला. तेव्हा ठळक करायला बटण नव्हतं, ठळक म्हणजे वेगळा धातूचा तुकडा, वेगळ्या ठिकाणी ठेवलेला, आणि जुळाऱ्याचा, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याचा, हात तिकडं वळायचा तर त्याला आधी कुणीतरी सांगायला पाहिजे.

(प्रूफचा क्लोजअप, लाल पेन)

तर सांगायचं असं, तपासायला काढलेल्या छापावर, म्हणजे प्रूफवर. शब्दाखाली नागमोडी रेघ, म्हणजे ठळक. सरळ एक रेघ, म्हणजे तिरपं, हे जास्त करून इंग्रजी मजकुरात. शब्द काढायचा तर त्याच्यावर काट आणि समासात ती शेपटीवाली खूण, मधे काय राहिलं असेल तर हंसपद. प्रूफं वाचण्यात उभी हयात गेलेले काका आमच्यासाठी एका जुन्या हँडबिलावर हे सगळं करून दाखवतायत, हात अजून थरथरत नाही. आम्ही विचारलं, काका, ही रेघ छापली जात नाही का? तर म्हणाले, "रेघ छापायची नसती बाबा, रेघ वाचायची असती."

अख्खं मार्कअप एवढंच आहे खरं तर. मजकुरात एक खूण घालायची, पुढच्याने ती वाचायची, तसं करायचं, आणि छापताना खूण गायब.

(डीटीपीच्या दुकानातला मॉनिटर)

कॉम्प्युटरवर हे आलं ते 1969 च्या सुमारास. आयबीएममधे गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी हे तिघं वकिलांच्या कागदपत्रांच्या कामात होते, आणि त्यांनी ठरवलं की 'हे मोठं कर, हे जाड कर' असं मशीनला सांगायचंच नाही, 'हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे' असं सांगायचं, दिसायचं कसं ते नंतर बघू. मला विचाराल तर खूण अशीच असावी, आधी काय आहे ते सांगणारी. त्याच वाटेने पुढं वेबपेजची एचटीएमएल आली, टोकदार कंसातली. सुरू करताना कंसात कोड, संपवताना तोच कोड पण आधी तिरकी रेघ.

मग 1998 च्या आसपास चौकोनी कंस आले, बीबीकोड. कारण साधं होतं. साइटवर कुणीही येऊन लिहिणार आणि त्याला सरळ एचटीएमएल लिहू दिली तर तो त्यात स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, घालून सगळं पानच बिघडवून ठेवू शकतो, म्हणून टोकदार कंस बंद केले आणि मोजकेच कोड दिले, चौकोनी कंसात बी म्हणजे बोल्ड, आय म्हणजे तिरपं, यू म्हणजे अंडरलाइन, बाकी लिंकला, अवतरणाला, रंगाला एकेक. साइट ते वाचून स्वतःच एचटीएमएल बनवते.

(स्क्रीनवर मुलगा टाइप करतोय)

इथं बघा, त्याने बी उघडलं, मग आय उघडलं, आणि बंद करताना बी आधी बंद केलं. चुकलं. डब्यात डबी ठेवली की आधी आतल्या डबीचं झाकण लागतं मग डब्याचं, हे तसंच, जे शेवटी उघडलं ते आधी बंद. आणि बंदच नाही केलं तर काही ठिकाणी तो कंस जसाच्या तसा दिसत राहतो, काही ठिकाणी खालचं सगळंच जाड होतं.

(तालमीचं मैदान, संध्याकाळ, मुलं फुटबॉल खेळतायत. कट टू मोबाइल.)

आता हे कोड कोण लिहितं म्हणाल, तर हा लिहितो. मंगळवार पेठेतल्या तालमीच्या ग्रुपवर प्रॅक्टिसचा मेसेज टाकायचं काम याच्याकडं. व्हॉट्सॲपवर 2016 पासून स्टार चालतो. शब्दाच्या दोन्ही बाजूला स्टार म्हणजे ठळक, खालची आडवी रेघ म्हणजे तिरपं, लाटेसारखी खूण म्हणजे खोडलेलं. पण स्टार शब्दाला चिकटून पाहिजे, मधे स्पेस गेली की स्टार नुसतेच दिसत बसतात, आणि पहिल्या ओळीत सुरू करून चौथ्या ओळीत बंद केला तरी काही होत नाही, प्रत्येक ओळीला आपापले दोन. मराठीचं अजून एक, स्टार अख्ख्या शब्दाच्या बाहेर. अक्षर आणि वेलांटीच्या मधे पडला तर वेलांटी सुटी होते आणि तिथं ठिपक्यांचं वर्तुळ येतं.

तिरप्याच्या नादाला मात्र लागू नका. (क्लोजअप) शिरोरेघ आडवीच राहिली आणि खालचे दांडे तेवढे कलले, देवनागरीत हे जोर दिल्यासारखं वाटतच नाही, पावसाने कलल्यासारखं वाटतं.

पहिला मेसेज त्याने सगळाच्या सगळा ठळक केला होता, "म्हणजे सगळ्यांनी वाचलं पाहिजे की". काकांना दाखवला. त्यांनी कागदावर उतरवून घेतला, लाल पेन काढलं आणि फक्त 'सकाळी 6' खाली नागमोडी ओढली. बाकी साधं. पोराने तसाच टाकला, वेळेला दोन स्टार, बस.

पावसाळ्यात याच ग्रुपवर पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी फिरते, 39 फूट इशारा, 43 फूट धोका, आणि तिथं सगळंच ठळक असलं की आकडा सापडेपर्यंत वेळ जातो.

(परत डीटीपीचं दुकान)

इथली जुनी पत्रिका बघा. ठळक आहे, पण ते ठळकपण फाइलमधे आहे, मजकुरात नाही. जुन्या फाँटातलं हे कॉपी करून मोबाइलवर चिकटवलं तर ठळक तर जातंच, वर मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं उमटतात. आणि स्टारवाला तो प्रॅक्टिसचा मेसेज, मजकूर युनिकोडमधला, म्हणजे कुठल्या एका फाँटाला बांधलेला नसलेला, साध्या एसएमएसमधे टाकून बघितला. ठळक नाही झाला, स्टार उघडे दिसले. पण सकाळी सहाला यायचंय आणि जोर त्याच्यावरच आहे, हे मात्र जुन्या बटणाच्या फोनवरसुद्धा वाचता आलं.

(नामावली)