झूटोपिया: शहर भक्कम, रूपक डळमळीत

(दृश्य: गजबजलेलं रेल्वे स्थानक. गाडी फलाटाला लागते.)

गाडीची दारं बघा. तीन मापांची आहेत: थोराड जनावरांसाठी एक, मध्यम चणीच्यांसाठी दुसरं आणि उंदरांसाठी अगदी इवलंसं तिसरं. पलीकडे ज्यूसवाला जिराफाचा पेला नळीतून वर पाठवतोय. कपडे घातलेले पाणघोडे पाण्यातूनच कामावर येतात, बाहेर पाऊल ठेवलं की गरम हवेचा झोत त्यांना वाळवतो आणि ते चालू पडतात. यातलं काहीही कुणी समजावून सांगत नाही. खेड्यातून आलेली ज्युडी हॉप्स, पोलीस दलातला पहिला ससा, डोळे विस्फारून बघते आणि तिच्याबरोबर आपणही.

डिझ्नीचा ‘झूटोपिया’ हा अॅनिमेशनपट २०१६ चा. दिग्दर्शक बायरन हॉवर्ड आणि रिच मूर. कार्टूनमधले बोलणारे प्राणी एरवी माणसंच असतात, वरून फक्त कातडं चढवलेलं. इथे मात्र अंगाचं माप खरं धरलंय. हत्ती हत्तीएवढा, उंदीर उंदराएवढा. मग दार केवढं, खुर्ची केवढी, उंदरांच्या वस्तीत ससा शिरला तर काय होईल, असे प्रश्न आपोआप उभे राहतात आणि बरेचसे विनोद तिथूनच निघतात. वाळवंट आणि बर्फ शेजारी नांदतात, कारण मधली अजस्र भिंत एअर कंडिशनरसारखी एका अंगाला गारवा सोडते, दुसऱ्या अंगाला उष्मा. ज्युडी आणि तिचा जोडीदार निक कोल्हा, प्रत्येकाच्या अंगावर सुमारे २५ लाख केस आहेत. ते मोजायला कुणी जात नाही, पण ज्युडी भिजते तेव्हा ती मेहनत डोळ्यांना कळते.

(दृश्य: वाहन नोंदणी कार्यालय. खिडकीत फ्लॅश नावाचा स्लॉथ, झाडाला लटकणारा अतिसंथ प्राणी.)

एका बेपत्ता प्राण्याच्या तपासासाठी ज्युडीला मिळालेत ४८ तास. एका गाडीच्या नंबराची माहिती हवी आहे आणि खिडकीत बसलाय स्लॉथ. एकेक अक्षर टाइप करतोय. त्यात निक त्याला मध्येच एक विनोद सांगतो. आता तो फ्लॅशला कळणार, मग हसू चेहऱ्यावर पसरणार, मग तोच विनोद तो शेजारणीला पहिल्यापासून ऐकवणार. सुटका नाही! विनोदाला इतका वेळ द्यायला छाती लागते. पण जन्मावरून कुणाचा स्वभाव ठरवू नका, असं सांगणारा चित्रपट इथे हसवतोय कशावर? स्लॉथ संथच असायचा, यावर. शेवटी फ्लॅश भरधाव गाडी हाकताना सापडतो, तेव्हा हिशेब थोडाफार चुकता होतो.

(दृश्य: पत्रकार परिषद. कॅमेऱ्यांचे फ्लॅश.)

माझ्या लेखी हा चित्रपटाचा कळस. काही मांसाहारी प्राणी अचानक हिंस्र झालेत. ज्युडी पत्रकारांसमोर बोलून जाते की हे त्यांच्या रक्तातच असावं. निक बाजूला उभा राहून ऐकतोय. नंतर तो तिला विचारतो, माझीही भीती वाटते का तुला? आणि तिच्या अंगावर धावून गेल्यासारखं करतो. ज्युडीचा हात कमरेच्या स्प्रेकडे जातो. घरून निघताना आईवडिलांनी दिलेला, खास कोल्ह्यांसाठीचा तो स्प्रे. हात नकळत गेला, पण गेला. पाठोपाठ पोलीस ठाण्याच्या स्वागतकक्षातला गुबगुबीत, गोड स्वभावाचा चित्ता तळघरात हलवला जातो, कारण दारातच मांसाहारी प्राणी दिसणं बरं नव्हे. द्वेषाची भाषणं नाहीत, आरडाओरडा नाही. नुसती बदली.

प्राण्यांच्या रूपकातून चित्रपटाला माणसामाणसांतला पूर्वग्रह दाखवायचाय, आणि इथेच सांधा निखळायला लागतो. या जगात वाघ-सिंहांनी एकेकाळी सशांना खरोखर खाल्लेलं आहे. चित्रपट सुरूच होतो ते सांगणाऱ्या शाळकरी नाटकाने. माणसामाणसांतल्या पूर्वग्रहाला असं काही कारण नसतं. सशाच्या भीतीला इतिहास आहे. अंगाचं माप खरं धरलं तसं दातांचंही धरावं लागतं, आणि त्या शहरातला वाघ रात्री जेवतो काय, हे १०८ मिनिटांत कुणीच विचारत नाही. भीतीला उत्तर म्हणून कथा एक विषारी फूल पुढे करते. ते पोटात गेलं की ससाही पिसाळतो, म्हणजे दोष रक्ताचा नव्हे. युक्तिवाद चोख आहे, पण सोयीचा. औषध सापडतं, कट उघड होतो, शहर बरं होतं.

कटाची सूत्रधार मेंढी, उपमहापौर बेलवेदर. बॉयलरशेजारच्या खोलीत तिचं ऑफिस, सिंह महापौर तिला उठताबसता घालूनपाडून बोलतो. तिचा राग खरा आहे. चित्रपटाला मात्र तो राग फक्त शेवटच्या धक्क्यासाठी हवा होता. भला वाटणाराच खलनायक निघतो, ही खेळी डिझ्नीने ‘फ्रोझन’ आणि ‘बिग हिरो ६’ मध्ये नुकतीच वापरली होती.

(दृश्य: जुनी रेखाचित्रं. गळ्यात कॉलर असलेला निक.)

मूळ कथा वेगळी होती. नायक निक आणि प्रत्येक मांसाहारी प्राण्याच्या गळ्यात कॉलर. भावना उफाळली की विजेचा झटका. अशा शहरावर प्रेक्षकांचा जीव जडेना. २०१४ च्या अखेरीस मांडणी उलटली, ज्युडी पुढे आली, कॉलर गेली. जगभरात एक अब्ज डॉलरहून जास्त कमाई झाली, ऑस्करही मिळालं. निर्णय व्यवहाराला धरून होता, यात वाद नाही. पण त्या कॉलरचा एक तुकडा चित्रपटात राहिलाय: लहानग्या निकला स्काउटची पोरं खाली पाडतात आणि तोंडाला मुसकं बांधतात. शेजारी पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर ते इथे विचारेलच, ‘त्याने केलं काय होतं?’ तेव्हा चित्रपट थांबवून बोलायला हरकत नाही. जग्वार अंगावर येतो ते दृश्य मात्र त्याहून लहानांना जड जाईल. ते पुढे ढकललं तरी कथेचा धागा तुटत नाही.