तीन बोटं

[दृश्य: पहाट. पानठेल्याची फळी वर होते.]

चहाची भट्टी अजून पेटायची आहे, पण ठेल्यावर घोटणं सुरू झालंय. पन्नीवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या तुकड्यावर, सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, आणि तळहाताचा जोर. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे याला खर्रा म्हणतात.

सिगारेटच्या पाकिटावर 85 टक्के जागा धोक्याच्या इशाऱ्याला द्यावी लागते. या पन्नीवर मात्र एक अक्षर नाही. राज्यात गुटखाबंदी आली 2012 साली. पण खर्रा घोटायला कारखाना लागतोच कुठे?

[दृश्य: दातांचा दवाखाना.]

तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी आत घालून बघा. जातात? खर्रा खाणाऱ्या कित्येकांची दोनच जातात. सुपारीमुळे गालाचं आतलं अस्तर पांढुरकं, ताठर होत जातं. सुरुवात तिखटाने होते. साधी भाजीही झोंबते आणि घरच्यांना वाटतं, नखरे करतोय. मग घास लहान होतो. जांभईसुद्धा पुरती देता येत नाही. काहींच्या बाबतीत पुढे कर्करोग. आखडलेलं अस्तर पहिल्यासारखं होत नाही. खर्रा सुटला तर आखडणं थांबण्याची आशा असते. व्यायामाने, कधी शस्त्रक्रियेने तोंड थोडं मोकळं होतं.

मग सोडत का नाहीत?

[दृश्य: धानाचा बांध. रोवणीची दुपार.]

कारण हा एकट्याने खायचा पदार्थच नाही. पन्नी उघडली की चार हात पुढे येतात. नको म्हटलं तर, "काऊन, रागावला का बे?" घरी पाहुणा आला की पोराला ठेल्यावर पिटाळतात. पोराची ओळख तिथेच होते. अशा ठिकाणी एकट्या माणसाला 'निर्धार कर' म्हणून सांगणं मला तरी पोकळ वाटतं.

गडचिरोलीत 2016 पासून मुक्तिपथ अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करतंय. डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था त्यात आहे. तिथे उपचार आहेतच, पण भर गावाने मिळून ठरवण्यावर. बाया पुढे होतात, विक्री बंद करायला लावतात. दरवेळी जमतं असं नाही. इथला ठेला उठतो आणि शेजारच्या गावात बसतो.

[दृश्य: भिंतीवरचा आरसा.]

आरशासमोरच्या या गृहस्थांनी चार महिन्यांपूर्वी खर्रा सोडला. बांधावर पन्नी उघडली की खिशातली बडीशेप काढतात. सोबती हसतात. रोज सकाळी आरशासमोर बोटं घालून बघतात. अजून दोनच. तिसऱ्याचं नख तेवढं टेकतं.